मनगटाची पट्टी आणि उतारशाळा

शास्त्रभाग : लूक 10:30-35, यहेज्केल 30:21



गेल्या काही महिन्यांत दोन-तीन मंडळ्यांच्या महिला संघांनी मला एकच प्रश्न विचारला. तुमच्या प्रथमोपचाराच्या पिशवीत खेळाडू वापरतात तसली पांढरी चिकटपट्टी असते, ती कशासाठी? आणि आम्ही ती जमा करून पाठवली तर पाड्यांवर उपयोगी पडेल का? उपयोगी पडेल. पण एवढे एकच वाक्य लिहून मला थांबता येत नाही, कारण याच पट्टीने मी एका बहिणीचा हात बिघडायला हातभार लावला आहे.

गेल्या जुलैची गोष्ट. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आवणी चालू होती. डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन बांधावरून जाताना एक वारली बहीण घसरली आणि तोल सावरायला तिने उजवा तळवा जमिनीवर टेकला. वय पस्तिशीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा मनगटावर थोडी सूज होती, बोटे हलत होती, हात वाकडा दिसत नव्हता. मी नुकतीच पट्टी बांधण्याचे प्रशिक्षण घेऊन आले होते आणि शिकलेले वापरून पाहण्याची घाई मला होती. मनगट मुरगळले आहे असे ठरवून मी पट्टी बांधली. तिचे दुखणे तिथल्या तिथे निम्मे झाले. ती हसली आणि दुसऱ्या सकाळी परत चिखलात उतरली. पुढे आणखी तीनदा मी तिला पट्टी बांधून दिली. त्या रविवारी उपासनेत मी याची साक्षही दिली, हे आज लिहिताना लाज वाटते.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा उजव्या हाताने पाण्याचा हंडा उचलेना. तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. अंगठ्याच्या मुळाशी असलेले एक लहान हाड मोडलेले होते आणि चार महिन्यांत ते जुळलेच नव्हते.

मनगट म्हणजे एक सांधा असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिथे आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली आहेत आणि ती एकमेकांना व पुढच्या-मागच्या हाडांना अस्थिबंधांनी बांधलेली आहेत. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट दोर. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. माणूस तळव्यावर पडला की शरीराचा सगळा भार या दोरांवर येतो. कधी दोर नुसता ताणला जातो, कधी अर्धवट फाटतो, कधी पूर्ण तुटतो. आपण या तिन्हींना ‘लचक भरली’ म्हणून मोकळे होतो. पहिल्या प्रकारची लचक बहुधा काही आठवड्यांत बरी होते. तिसऱ्या प्रकारात हाडे जागा सोडू लागतात आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर सांधा कायमचा झिजतो. त्यातच त्याच पडण्याने, त्याच जागी हाडही मोडू शकते. आणि हे मोडणे लचकीसारखेच दिसते. थोडी सूज, थोडे दुखणे, बोटे हलतात. मी फसले ती इथेच.

म्हणून आता पट्टीला हात लावण्याआधी मी एक गोष्ट करते, ती तुम्हीही आपल्या हातावर करून पाहा. अंगठा वरच्या दिशेला ताठ ताणा. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन दोरांच्या मध्ये एक खळगा दिसेल. पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढीत, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांतही त्याचे नाव तपकिरीच्या डबीवरून पडले आहे. त्या खळग्याच्या तळाशी ते लहान हाड असते. पडलेल्या माणसाचा खळगा बोटाने हलकेच दाबला आणि तो कळवळला, तर हाड मोडले आहे असे धरूनच चालायचे. हाताला आधार द्यायचा आणि एक्स-रेला न्यायचे. हे हाड इतके फसवे आहे की पहिल्या एक्स-रेत कधी कधी फट दिसतच नाही. तेव्हा डॉक्टर प्लास्टर किंवा आधारपट्टा घालतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. दुसऱ्या खेपेला पुष्कळ लोक जात नाहीत. जीपचे भाडे, बुडालेली मजुरी, आणि ‘मागच्या वेळी काहीच निघाले नव्हते’ हे कारण. पण या हाडाला रक्त एकाच टोकाकडून मिळते. मधे मोडले की दुसरा तुकडा उपाशी राहतो, म्हणून ते लवकर जुळत नाही.

खळगा दुखला नाही तरी काही खुणा दिसल्या तर मी पट्टी बांधत नाही. मनगटाचा आकार बदललेला असणे, अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होणे, मूठ अजिबात न वळणे, हात फिरवताना करंगळीच्या बाजूला कट्कन वाजून दुखणे. आणि दोन आठवडे झाले तरी दुखणे तसेच असणे.

आता शास्त्रभागाकडे वळू. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मी किती वेळा बोलले असेन, त्याची मोजदाद नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या बांधल्या, इथे माझे प्रवचन नेहमी थांबत असे. पण प्रभूने सांगितलेली गोष्ट तिथे थांबत नाही. बांधल्यावर तो त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, म्हणजे स्वतः पायी चालतो. उतारशाळेत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगतो. बांधणे हे त्या कामातले सर्वांत थोड्या वेळाचे आणि सर्वांत स्वस्त काम होते. मी तेवढेच करून घरी आले होते.

यहेज्केलाच्या तिसाव्या अध्यायात फारोच्या मोडलेल्या हाताचा उल्लेख आहे. तो बरा व्हावा, तलवार पेलण्याइतका सशक्त व्हावा म्हणून त्याला पट्टी बांधली गेली नाही, असे तिथे म्हटले आहे. वचन न्यायाविषयी आहे, आरोग्याविषयी नाही. ओढून ताणून तसा अर्थ काढू नये. तरी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. हात बांधायचा तो पुन्हा काही तरी पेलता यावे म्हणून. आमच्या बहिणींना तलवार पेलायची नाही. हंडा, मोळी आणि विळा पेलायचा आहे.

पट्टी नेमके काय करते? ती अस्थिबंध जोडत नाही. ती मनगटाला दुखणाऱ्या टोकापर्यंत वाकू देत नाही, आणि कातडीवर ओढ बसल्यामुळे माणसाला त्या हाताची सतत आठवण राहते. एवढेच. पण मुरगळलेल्या हाताला काम करताना एवढा आधारही मोठा असतो. अडचण अशी की दुखणे कमी झाले म्हणजे इजा कमी झाली, असे बांधणाऱ्यालाही वाटू लागते.

पडल्यानंतरचे पहिले दोन दिवस ही पट्टी बांधूच नये. ती ताणत नाही आणि सूज तर वाढत असते. त्या वेळी हात उंच ठेवणे, माठातल्या थंड पाण्याच्या घड्या आणि सैलसर क्रेप बँडेज पुरे. हात स्थिर ठेवायला बांबूच्या कामट्या कापडात गुंडाळून लावता येतात. त्या नसतील तर जाड घडी केलेला कागदही चालतो. (आपल्या या त्रैमासिकाचे दोन जुने अंक मी यासाठी वापरले आहेत. संपादकांनी रागावू नये.) ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. चोळू नये, ओढू नये. पाड्यावरचे हाडवैद्य कामट्या छान बांधतात आणि मी त्यांच्याकडून शिकले आहे, पण ताज्या इजेला झटका देऊन ‘बसवणे’ मात्र थांबवावे लागते.

आणि बांगड्या. सूज चढण्याआधी त्या हातातून काढल्या नाहीत तर पुढे कापाव्या लागतात. आपल्याकडे बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतात. तिथे सवाष्णीला ‘बांगड्या काढ’ म्हणणे किती जड जाते हे बायकांना वेगळे सांगायला नको. मी म्हणते, ‘बाय, या हातातल्या त्या हातात घाल, घरी सासूला मी सांगेन.’ साबणाच्या पाण्याने त्या सहज सरकतात. चांदीचे कडे आणि अंगठी यांचेही तसेच.

सूज उतरली, हाड मोडलेले नाही याची खात्री झाली, म्हणजे पट्टी. झिंक ऑक्साइडची, न ताणणारी, साधारण 38 मिलिमीटर रुंद. कातडी धुऊन कोरडी करावी; लोक आधी तेल-हळद लावून येतात आणि तेलावर काहीच चिकटत नाही. जखम किंवा पुरळ असेल तिथे लावू नये. मनगट सरळ, बोटे पसरलेली. पहिली पट्टी तळहाताभोवती, अंगठ्याच्या बेचक्यातून. दुसरी मनगटाच्या वर चार बोटांवर, कोपराच्या बाजूला. हे दोन खांब झाले. तळवा टेकून उठताना, म्हणजे मनगट मागे वाकताना दुखत असेल, तर मनगट किंचित तळव्याकडे झुकवून तळव्याच्या बाजूने एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोन-तीन तिरप्या पट्ट्या लावाव्यात, मनगटावर फुली येईल अशा. पुढे वाकताना दुखत असेल तर हीच फुली पाठच्या बाजूला. शेवटी मनगटाभोवती दोन-तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. रोल हातात धरून गरागरा गुंडाळू नये. प्रत्येक पट्टी वेगळी फाडून, न ताणता ठेवावी. माझ्या हातून पहिल्या दिवसांत झालेली चूक हीच, घट्ट म्हणजे चांगली असे मला वाटे.

मग नख दाबावे. ते पांढरे पडते. सोडल्यावर दोनएक सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली, मुंग्या आल्या, तर लगेच काढावी. घाम आणि हालचाल यांनी ती काही वेळातच सैल होते, म्हणून दिवसभराचा भरवसा धरू नये. रात्री काढून ठेवावी. काढताना पट्टीवर थोडे तेल चोळून, कातडी दाबून धरीत सावकाश सोलावी. खाज सुटली तर पुन्हा लावू नये.

आवणीच्या चिखलात ही पट्टी निरुपयोगी आहे. ती भिजते, खालची कातडी पांढरी पडून सोलते. तिथे खरा उपाय कामाची अदलाबदल. रोपे उपटताना मनगटाला पीळ बसतो, तर ते काम दुसरीने घ्यावे आणि दुखऱ्या हाताच्या बाईने दुसऱ्या हाताने जमेल तेवढे लावावे. आमच्या बचत गटाच्या बायकांनी यंदा तसे आपसात बोलून ठेवले आहे.

आता पाठवण्याविषयी. मागे एका भल्या मंडळीने निळ्या-गुलाबी ताणणाऱ्या पट्ट्यांचे खोके पाठवले. ती पद्धत 1970 च्या दशकात जपानमध्ये केन्झो कासे यांनी सुरू केली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभरच्या खेळाडूंच्या अंगावर दिसू लागली. तिचा फायदा अभ्यासांत थोडाच आढळला आहे, आणि मनगट अडवून धरायला ती मऊ पडते. प्रेम पोहोचले, पण आम्हाला पांढरी साधी पट्टी, क्रेप बँडेज आणि बोथट टोकाच्या कात्र्या हव्यात. त्याहून जास्त हवे आहे ते जीपचे भाडे, जाण्याचे आणि दुसऱ्या एक्स-रेला पुन्हा जाण्याचे, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. दोन दिनारांचा जमाखर्च मी वेगळ्या वहीत ठेवते. कोणालाही पाहता येईल.

त्या बहिणीला डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. दुसरीकडचे थोडे हाड घेऊन तिथे बसवायचे, स्क्रू घालायचा, नंतर बरेच आठवडे हात बंद. पण घरच्यांनी वीटभट्टीच्या मालकाकडून आधीच उचल घेतलेली होती, आणि उचल घेतली की जावेच लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, ती पांढरी पट्टी दे, तिनं बरं वाटतं.’ मी नाही म्हणाले. धातूची पट्टी असलेला तयार आधारपट्टा तिच्या हातात घातला आणि कच्च्या विटा या हाताने उचलू नकोस असे नवऱ्यालाही सांगितले. तो मान हलवून ‘बरं’ म्हणाला. तिने पट्टीच्या पिशवीकडे पुन्हा एकदा पाहिले.

पावसाआधी ती परत येईल. तेव्हा शस्त्रक्रियेला हो म्हणायचे की आवणी आधी उरकायची, हे अजून तिचे ठरलेले नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा. एक्स-रेची फिल्म भट्टीवर खराब होईल म्हणून ती माझ्याकडे ठेवून गेली आहे. कपाटात, बायबलच्या मागे उभी ठेवली आहे.