घरगुती वापरासाठी खिमा यंत्राची निवड



होटगी आणि दक्षिण सोलापूर तालुक्याच्या कोरडवाहू भागात ज्वारी-तुरीच्या जोडीला दारात दोन-चार शेळ्या आणि थोड्या कोंबड्या असतातच. आखाडात किंवा जत्रेला चार घरे मिळून एक बोकड घेतात व त्याचे वाटे करतात. सत्तुराने खिमा करण्यात वेळ फार जातो, म्हणून अलीकडे खिमा यंत्र घेण्याकडे कल वाढला आहे. मात्र दुकानात गेल्यावर जास्त वॅटचे, चकचकीत यंत्र गळ्यात पडते आणि दोन सणांनंतर ते माळ्यावर जाते. यंत्राची ताकद किती यापेक्षा त्याचे पाते कसे कापते व ते किती स्वच्छ धुता येते, हे पाहून खरेदी करावी.

कोणत्या मांसासाठी?

परदेशी बनावटीच्या यंत्रांच्या माहितीपत्रकात पुष्कळदा शिकारीच्या मांसाचा उल्लेख असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. सोलापूरच्या माळरानावर दिसणारा काळवीट पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे. ससा व रानडुक्कर हेही संरक्षित प्राणी आहेत. शिवाय अशा मांसाची आरोग्य तपासणी झालेली नसते. म्हणून बोकडाचे, मेंढ्याचे किंवा अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांचे मांस गृहीत धरूनच यंत्र निवडावे. जुन्या कोंबडीचे मांस चिवट असते. त्याचा खिमा केल्यास ते चांगले उपयोगी पडते.

आकार किती असावा?

२५ किलो जिवंत वजनाच्या बोकडापासून हाडांसह सुमारे ११ ते १२ किलो मांस मिळते. चार वाटे केल्यास प्रत्येक घरी सुमारे ३ किलो येते आणि हाडे काढल्यावर साधारण २ किलो उरते. एवढ्या कामासाठी ८ किंवा १० क्रमांकाचे, टेबलाला आवळून बसवायचे हाताचे यंत्र पुरते. वीज गेली तरी त्याचे काम थांबत नाही. बचत गटामार्फत नियमित काम करायचे असेल तरच २२ क्रमांकाच्या विजेच्या यंत्राचा विचार करावा. क्रमांक जितका मोठा तितका जाळीचा व्यास मोठा असतो. ८ क्रमांकाची जाळी सुमारे ६२ मि.मी., तर २२ क्रमांकाची सुमारे ८२ मि.मी. असते.

विजेच्या यंत्रावर छापलेला कमाल वॅटचा आकडा पाहून भुलू नये. सतत चालण्याची क्षमता किती आणि किती मिनिटांनी यंत्राला विश्रांती द्यावी लागते, हे विचारावे. उलट फिरविण्याची सोय असल्यास अडकलेली शीर सोडविता येते. जोडणीला अर्थिंग असणे आवश्यक आहे.

धातू, पाते व जाळी

१) स्टेनलेस स्टीलचे यंत्र महाग पडते, परंतु गंजत नाही व धुण्यास सोपे असते.

२) कल्हईच्या बिडाचे यंत्र स्वस्त व मजबूत असते. कल्हई उडाली की ते गंजते. धुतल्यानंतर लगेच पुसून, वाळवून खाद्यतेलाचा हात फिरवावा.

३) ॲल्युमिनियमचे यंत्र हलके असते, परंतु सोड्याच्या पाण्याने काळे पडते व ती काजळी मांसाला लागते.

४) पाते व जाळी मात्र चांगल्या पोलादाचीच असावी. खिम्यासाठी ४.५ ते ५ मि.मी. व जाडसर कामासाठी ८ मि.मी. छिद्रांची जाळी पुरेशी आहे. जादा पाते व जाळी सोलापुरात मिळतील का, हे आधी विचारावे.

खरेदीपूर्वी यंत्र पूर्ण उघडून पाहावे. पाते जाळीवर ठेवून उजेडाकडे धरावे. मधून फट दिसल्यास ते घेऊ नये. जेथे हात किंवा ब्रश पोचत नाही असा कोपरा असलेले यंत्रही टाळावे.

स्वच्छतेला एवढे महत्त्व का?

मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या बाजूस असतात. खिमा करताना ते सर्व मांसात मिसळतात. अनुकूल उष्णतेत काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा मांस बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. जाळीत अडकलेला कालचा कण आजच्या सबंध खिम्याला बाधा आणू शकतो, आणि त्याचा त्रास लहान मुले व वृद्धांना अधिक होतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

हाडे व शिरा काढून मांसाचे २ ते ३ सें.मी.चे तुकडे करावेत. ते थंड करून घ्यावेत; गार मांस स्वच्छ कापले जाते. पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीकडे ठेवावी. मांस ढकलण्यासाठी दांडकाच वापरावा, बोटे कधीही घालू नयेत. यंत्र रिकामे फिरवू नये. खिमा लगद्यासारखा येऊ लागल्यास यंत्र थांबवावे. पाते बोथट आहे, शीर गुंडाळली आहे किंवा पुढचे कडे सैल आहे, असे समजावे.

काम संपताच सर्व भाग सुटे करून गरम साबणाच्या पाण्याने घासावेत, उकळत्या पाण्याने विसळावेत व कोरडे करावेत. खिमा ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावा व एक-दोन दिवसांत वापरावा. शिजविताना आतला गुलाबी रंग गेला एवढ्यावर न थांबता बोकडाचा किंवा मेंढ्याचा खिमा सर्वत्र ७१ अंशांपर्यंत व कोंबडीचा ७४ अंशांपर्यंत तापू द्यावा. कढईत चांगली उकळी येऊ दिल्यास हे साधते.

खिमा विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा आणि मांस मान्यताप्राप्त ठिकाणचेच वापरावे.

घरच्या कामापुरते लहान यंत्र, धारदार पाते आणि प्रत्येक वेळी पूर्ण धुलाई, एवढे सांभाळल्यास कमी खर्चात घरातील सर्वांना निर्धोक खिमा मिळेल.