अपघात झाला, तर आधी आपला मेडिक्लेम वापरा

इंदूरच्या बायपासवर कुणी धडक दिली आणि तुमचा पाय मोडला, तर हॉस्पिटलचं बिल भरायला समोरच्याची विमा कंपनी धावून येत नाही. तिचे पैसे मिळतात ते तडजोड झाल्यावर किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निकालानंतर, आणि त्यात वर्षं जाऊ शकतात. मेडिक्लेम वापरला तर भरपाई कापली जाईल, या भीतीने तो राखून ठेवू नका आणि कर्ज तर मुळीच काढू नका.

ही वजावट करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 28 मार्च 2025 रोजी स्पष्ट केलं. मेडिक्लेमचे पैसे तुम्ही भरलेल्या हप्त्यांतून येतात. त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा? इंदूरला हा निकाल बंधनकारक नाही, पण वकिलाला तो दाखला म्हणून मांडता येतो. समजा, बिल 2 लाखांचं झालं आणि मेडिक्लेमने 1,55,000 दिले, तरी दाव्यात पूर्ण 2 लाख मागा.

मधले 45,000 जातात कुठे? हातमोजे, सिरिंज यांसारख्या किरकोळ वस्तू बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. मोठा फटका खोलीचा. पॉलिसीची मर्यादा रोज 4,000 असताना 8,000ची खोली घेतलीत, तर फक्त भाड्यातला फरक पडत नाही. सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्मा कापला जाऊ शकतो. भरती होतानाच मर्यादेतली खोली मागा. पॉलिसी नवी असली तरी घाबरू नका, सुरुवातीचे 30 दिवस थांबण्याची अट अपघाताला लागत नाही.

गाडीच्या विम्यातलं 15 लाखांचं मालक-चालक संरक्षण मात्र इथे कामाला येत नाही. ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. बरा होणारा पाय त्यात बसत नाही.

मेडिक्लेमच नसेल, तर मे 2025पासूनची केंद्राची कॅशलेस योजना विचारा: नेमलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार.

मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जातात आणि न्यायाधिकरण पुरावा मागतं. म्हणून बिलं देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, त्यावर हॉस्पिटलचा शिक्का घ्या आणि किती रक्कम मंजूर झाली याचं विमा कंपनीचं पत्र जपून ठेवा. डिस्चार्ज कार्ड, एफआयआर आणि हॉस्पिटलची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद त्याच फायलीत लावा. सुट्टी मिळाल्यानंतरची फिजिओथेरपी आणि रिक्षाभाडं यांच्या पावत्याही ठेवा, दाव्यात तेही मागता येतं.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. अपघात धुळ्याजवळ झाला असला, तरी तुम्ही इंदूरला राहत असाल तर तो इंदूरलाच करता येतो.