बावखल बुजवावं का?

शंका : वाडीतलं बावखल आजोबांच्या वेळचं. आता रहाट नाही, घरात नळ आहे. पाणी शेवाळलंय, डास होतात. भाऊ म्हणतात भरणी टाकून मोकळे होऊ. काय करावं?
— एक वाचक, उमराळे

समाधान : बुजवू नका. भाऊंना हे उत्तर वाचून दाखवा.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं, कारण ते हलकं असतं. हिशेब असा सांगतात, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. वरची पातळी थोडी उतरली, की खालचं खारं पाणी कितीतरी पटीने वर चढतं. टँकरच्या बेसुमार उपशाने किती विहिरी मचूळ झाल्या, हे तुमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसई संरक्षण समिती उगाच उभी राहिली नाही. पावसाळ्यात बावखल भरतं आणि ते पाणी हळूहळू जमिनीत मुरतं. नळाला धरणाचं पाणी आलं, म्हणून हे काम संपलेलं नाही.

मे महिन्यात पाणी तळाला जातं, तेव्हा गाळ काढा. पण फक्त काळा, वास मारणारा थर. हौसेने आणखी खोल गेलात तर खारं पाणी लागेल. काठाला काँक्रीट नको, पाणी मुरणार कुठून? आसपासचा शोषखड्डा किंवा गोठ्याचं पाणी आत झिरपत असेल तर आधी ते वळवा, नाहीतर शेवाळ पुन्हा येईलच. डासांसाठी डोक्यावर चकाकता ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा छोटा देशी मासा मिळाला तर उत्तम. गप्पी मासे परदेशी आहेत; बंद बावखलात चालतील, ओढ्याला जोडलेल्यात नकोत. आणि दरवर्षी मे महिन्यातच पाण्यातले क्षार मोजा. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत.

शंका : दोन दिवस आभाळ भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तळ्यात मेलेल्या माशांचा खच. कुणी विष टाकलं का? दुपारी पाणी तपासलं, तर ऑक्सिजन भरपूर निघाला.
— एक वाचक, नालासोपारा

समाधान : विषाचा संशय सगळ्यात आधी येतो आणि बरेचदा फोल ठरतो. पाणी हिरवंगार होतं, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. तो रंग सूक्ष्म शेवाळाचा. सांडपाणी, साबण आणि निर्माल्यातल्या नत्र-स्फुरदावर ते पोसतं. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र शेवाळ, मासे आणि गाळ कुजवणारे जिवाणू सगळेच तो वापरतात. ढगाळ दिवसांत कमाई बुडते, खर्च तोच राहतो. सूर्योदयाच्या सुमारास खडखडाट झालेला असतो.

आंघोळीच्या पाण्यातसुद्धा लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असं मानक आहे. 2 च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. म्हणून दुपारच्या नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. पहाटे नमुना घ्या, बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका, आणि प्रयोगशाळेने दिलेली रसायनं काठावरच घाला. घरी नेईपर्यंत आकडा बदलतो.

मेलेले मासेही नीट पाहा. मोठे मेले, पिल्लं वाचली, आणि हवेतून श्वास घेणारे मरळ-मागूर खुशाल फिरताहेत, तर ऑक्सिजन संपला होता. लहानमोठे सगळे आणि पाणकिडेही मेले असतील, तर मात्र विषाची तपासणी मागा.

शंका : तलावात कारंजं बसवलंय. पाणी सुधारेल का?
— एक वाचक, विरार

समाधान : आत येणारं गटार बंद केल्याशिवाय नाही. पण बसवलंच आहे तर वेळ बदलून घ्या. संध्याकाळी लोक फिरायला येतात तेव्हा दिव्यांसकट उडवतात आणि रात्री नऊला बटण बंद. माशांना ते रात्री दोन ते सकाळी सातपर्यंत हवं आहे. दिवे नसले तरी चालतील.