वृद्धांचें समाधान कोणास विचारावें?

आमच्या बहुतेक वाचकांचीं घरें खेड्यांत आहेत. पण कित्येकांचे मुलगे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत नोकरीस आहेत. आईबाप थकले म्हणजे ते त्यांस तिकडे नेतात, व पुढें समाचारास गेलेल्यांस सांगतात, "बाबांना कशाची उणीव नाहीं." हें खरेंही असेल. परंतु ज्यांनीं उत्तर द्यावयाचें ते बाबा गप्पच असतात.

माणसाचें जीवन कितपत समाधानाचें आहे हें जाणण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० नंतरच्या दशकांत १०० प्रश्नांची यादी केली. शरीर, मन, स्वावलंबन, नातीं व परिस्थिति यांबरोबर सहावें अंग म्हणून तींत आध्यात्मिक श्रद्धा घातली. पुढें त्या एका अंगासाठींच ३२ प्रश्न योजिले. जीवनाचा अर्थ, मनाची शांति, आशा व विश्वास हे त्यांचे विषय. आम्हांस विशेष मोलाचें वाटतें तें हें कीं, उत्तर ज्याचें त्यानेंच द्यावयाचें.

गांवीं असतां हेच बाबा मंडळीचे वडील होते. कोणी आजारी पडलें कीं प्रार्थनेस त्यांना बोलावीत. उपनगरांत तिसऱ्या मजल्यावर, जिना उतरवत नाहीं, आगगाडीच्या गर्दींत शिरवत नाहीं, आणि शेजाऱ्यास त्यांचें नांवही ठाऊक नाहीं. त्यांची भक्ति आटत नाहीं. ती कोणाच्या कामीं येत नाहीं, हें त्यांचें दुःख. लूक अध्याय २ मधील हन्ना पाहा: अतिवृद्ध विधवा, पण तिला बसावयास मंदिर होतें आणि तिचें ऐकावयास माणसेंही होतीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मोतीबिंदु वाढलेल्या आजीस "शास्त्र वाचीत जा" म्हणणें ही थट्टा होय. आधीं डोळा दाखवावा. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हीं आईबापांस मिळावीं म्हणून २००७ सालीं कायदाही झाला आहे.

तेव्हां गांवच्या उपदेशकांनीं, वृद्ध मनुष्य शहरास निघाला कीं तिकडील मंडळीस त्याचें नांव व पत्ता कळवावा. दर रविवारीं दूरध्वनीवरून आपल्या आजाऱ्यांचीं नांवें त्यास सांगावीं व त्यांच्यासाठीं प्रार्थना करण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. भेटीस गेल्यास, मुलगा बाहेर गेला असतां, हळूच विचारावें: बाबा, रात्रीं झोप लागते काय? दिवसभर कोणाशीं बोलणें होतें?