चालतो म्हणजे निर्धोक नव्हे

तंजावरातल्या एखाद्या मराठी घरात माळ्यावरून खेळण्यातल्या आगगाडीचा जुना संच निघतो. जर्मन मेर्क्लिनचा, नाहीतर अमेरिकेतल्या नातेवाइकाने दिलेला लायोनेलचा. रुळांवरचा गंज सगळे निरखून पाहतात, ट्रान्सफॉर्मरचा प्लग मात्र 'लावून तर बघू' म्हणत थेट सॉकेटात जातो. माझा आक्षेप या 'लावून तर बघू'वर आहे. इंजीन पळते ते तांब्याच्या वेटोळ्यांमुळे; माणूस वाचतो तो 230 व्होल्टची बाजू रुळांपासून तोडणाऱ्या इन्शुलेशनमुळे. ते कुजले तरी इंजीन तितक्याच ऐटीत पळते. कोणी म्हणेल, जुना माल दणकट असतो. लोखंड-तांबे असतेच, पण कागद, रबर आणि वार्निश नव्हे. तापमान दहा अंशांनी वाढले की इन्शुलेशनचे आयुष्य निम्मे होते, हा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. तंजावरचा मे आणि त्यामागून ऑक्टोबर ते डिसेंबरचा ओला ईशान्य मोसमी वारा, या दोन्हींतून ट्रान्सफॉर्मरचा डबा वर्षानुवर्षे गेलेला असतो.

लायोनेलवाल्यांचे उत्तर ठरलेले असते: स्टेप-डाउन लावला की झाले. तसे होत नाही. तो ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झसाठी बांधलेला आहे. आपल्याकडे 50 हर्ट्‌झ. तेवढ्याच व्होल्टला गाभ्यातले चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढते, डबा गुणगुणतो आणि तापतो. त्याला 100 व्होल्टच्या आसपासच द्यावेत. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर तर कोणताच जुना ट्रान्सफॉर्मर चालवू नये. वीज गेली की नॉब आधी शून्यावर आणावा, नाहीतर वीज परतताच इंजीन टेबलाखाली जाते.

सर्वांत फसवा धोका दोन ट्रान्सफॉर्मर एकाच रुळाला जोडण्यात आहे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. एकाचे 16 व्होल्ट रुळांतून दुसऱ्याच्या दुय्यम वेटोळ्यात शिरले, की त्या दुसऱ्याच्या सॉकेटाबाहेर लोंबणाऱ्या प्लगच्या पिनांवर 230 व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. 'घरात ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे' हे इथे उत्तर नाही. दोन्ही पिनांना बोटे लागली तर प्रवाह त्या पिनांमध्येच फिरतो, ईएलसीबीला जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचा रूळ वेगळा तोडलेला असावा आणि सगळे प्लग एकाच स्विचच्या बोर्डावर असावेत.

तपासणी अवघड नाही. वायर हाताने वाकवून पाहावी. रबराला भेगा दिसल्या तर आधी ती बदलावी. मग मोटर वाइंडिंगच्या दुकानात 500 व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मुख्य आणि दुय्यम वेटोळ्यांमध्ये, तसेच मुख्य वेटोळे आणि पत्र्याचा डबा यांमध्ये मोजून घ्यावे. वाचन 5 मेगाओमच्या खाली आले तर तो ट्रान्सफॉर्मर बाद समजावा. पास झाला तरी पहिल्यांदा वीज द्यायची ती वायरमनच्या सिरीज बोर्डातून, 60 वॅटचा तारेचा बल्ब लावून. एलईडी इथे उपयोगाचा नाही. रूळ सोडवलेले असताना बल्ब मिणमिणला तर ठीक, लख्ख पेटला तर वेटोळे आतून शॉर्ट आहे. असा ट्रान्सफॉर्मर भरून घेण्यापेक्षा त्याच व्होल्टचा नवा, दुहेरी इन्शुलेशनचा घ्यावा. जुना शोकेसमध्ये ठेवायचाच असेल तर प्लग कापून ठेवावा, म्हणजे घरातले पोर तो लावून बघणार नाही.