मुलांसह एक दिवस भाज्याला

प्रश्न : आम्ही खडकीत राहतो. मुले सहा व नऊ वर्षांची. घरी मोटार नाही. एका दिवसात जाऊन येण्याजोगे डोंगराच्या कुशीतले गाव सुचवाल का?

उत्तर : खडकी स्थानकावरून लोणावळा लोकल धरून, लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्थानकावर उतरून, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून पायी निघालात, म्हणजे विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले भाजे गाव मुलांच्या पायांनाही अवघड वाटणार नाही. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ असतात. तेव्हा सकाळीच निघावे आणि परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

गावावरच्या पायऱ्या चढून गेल्यावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची बावीस लेणी आहेत. पुरातत्त्व खात्याचे तिकीट पंधरा वर्षांखालील मुलांना माफ आहे. चैत्यगृहातले खांब आत कललेले का, हे मुलांना विचारावे आणि उत्तर देण्याची घाई करू नये. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल कोरणाऱ्याने पाषाणात उतरवली, ही गोष्ट छताच्या लाकडी कमानी दिसल्यावर त्यांना आपोआप उमगू लागते. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे : पाच आत, नऊ बाहेर. मोजण्याचे काम धाकट्याकडे सोपवावे.

लोहगडही त्याच दिवशी उरकण्याचा मोह मात्र, वडीलधाऱ्यांच्या हौसेखातर, मुळीच धरू नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, आणि धबधब्याखाली मुलांना नेणे मला तरी मंजूर नाही.