अंदमानला जाताय? वेळा लिहून घ्या

'वहिनी, भरती-ओहोटी काय माझ्या हातात आहे का?' शहीद द्वीपवर, लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर मला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही रत्नागिरीच्याच टूरवाल्याकडून. नाव लिहीत नाही. पण रत्नागिरीच्या मिऱ्यावर समुद्राच्या अंगणात वाढलेल्या बाईला त्याने असं उत्तर द्यावं, याचा संताप अजून उतरलेला नाही.

भरती-ओहोटी कुणाच्याच हातात नसते. पण तिची वेळ आधी कळते! आमच्याकडे सुकतीला कालवं काढायला जाणाऱ्या बायका घड्याळाकडे नव्हे, तिथीकडे बघतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. ॲडव्हान्स देताना मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, 'नीलला आम्हाला ओहोटीच्या वेळी नेणार ना?' 'हो हो वहिनी, सगळं टायमिंग सेट आहे.' हे मेसेजमधले त्याचेच शब्द.

नील म्हणजेच आताचं शहीद द्वीप. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं. गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. लक्ष्मणपूरच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान आहे, तिला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि मधल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ, समुद्रकाकड्या, रंगीत मासे गुडघाभर पाण्यात उभ्या उभ्या दिसतात. पोहता न येणाऱ्या माणसाला प्रवाळ बघायची याहून चांगली सोय नाही. म्हणूनच सासूबाईंसाठी मी ही जागा हट्टाने यादीत घालून घेतली होती.

आम्हाला उतरवलं भर भरतीत. खडकांवरून लाटा फुटत होत्या आणि कमानीकडे जायची वाटच पाण्याखाली होती. पायऱ्यांपाशी बसलेल्या गाईड पोराने आमच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, 'सुबह आना था.' तेव्हा मला उलगडा झाला. सकाळची बोट आमच्यासाठी कधी धरलेलीच नव्हती. टूरवाल्याला दोन गट एकाच गाडीत बसवायचे होते आणि दुसरा गट दुपारी येणार होता. मी जाब विचारला तर वर ते वाक्य, आणि सोबत 'फोटो काढा ना, मस्त बॅकग्राउंड आहे.'

म्हणून सांगते. पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात तो तसाच लावू नका. मात्र उधाण आणि भांग सगळीकडे सारखंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं, अष्टमीच्या सुमारास फारसं हलत नाही. तारखा तशा निवडा. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात, पोर्ट ब्लेअरचे आकडे त्यात असतात. त्या बघून 'अमुक वाजता किनाऱ्यावर' असं टूरवाल्याच्या सहीने घ्या. ठिकाणांच्या नुसत्या यादीला काही अर्थ नसतो.

सेल्युलर जेलचीही तीच तऱ्हा. सावरकर १९२१ मध्ये अंदमानातून हलवले गेले, पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध. इथल्या तुरुंगातली खोली सासूबाईंनी पाहिलेली, तिथली बघायची त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. आमच्या कागदावर 'सेल्युलर जेल' होतं. प्रत्यक्षात संध्याकाळी अंगणातल्या खुर्च्यांवर बसवून ध्वनी-प्रकाश कार्यक्रम दाखवला, तेव्हा कोठड्या बंद. 'जेल झाला की!' म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्याची खरेदी-फेरी सोडून आम्ही आमच्या पैशाने रिक्षा केली. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. सासूबाई कठड्याला धरून, थांबत थांबत चढल्या. दाराची कडी त्यांनी हात लावून पाहिली: ती दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसते, आतून हात कितीही बाहेर काढला तरी पोहोचू नये म्हणून. एका इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसायलाच नको. खाली घाणा पाहिल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. हे सगळं आम्ही आमच्या हिमतीवर पाहिलं, त्याचं श्रेय त्या माणसाने घेऊ नये. ज्येष्ठांना नेणार असाल तर जेलसाठी सकाळ पूर्ण मोकळी ठेवा आणि जिने आहेत हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट मला सहन झाली नाही. बाराटांगच्या रस्त्याची जाहिरात त्याने 'आदिवासी दर्शन' म्हणून केली होती. तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून गाड्या ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. माणसं म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे! आमच्या गाडीतल्या एकाने बिस्किटाचा पुडा हातात घेतला तेव्हा त्याला रोखलं मी, टूरच्या मॅनेजरने नव्हे. तिथल्या जमातींची माहिती हवी असेल तर पोर्ट ब्लेअरमधलं मानववंशशास्त्र संग्रहालय बघा. मुलांना तिथे जास्त कळलं.

नाताळच्या सुटीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथला सूर्य आपल्यापेक्षा तास-सव्वा तास आधी मावळतो. सव्वापाचला अंधारू लागतं. 'चार वाजता निघू, दोन बीच करू' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे, कागदपत्रांवर दोन्ही दिसतील. औषधं, रोख पैसे, ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळे पैसे आधी देऊ नका. 'पुढच्या टूरला सवलत देतो' असं आता तो निरोपांवर निरोप पाठवतोय. मला सवलत नको, न दाखवलेल्या ठिकाणांचे पैसे परत हवेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मूळ कार्यक्रमपत्रिका, पावत्या आणि 'टायमिंग सेट आहे' हा मेसेज मी जपून ठेवलाय. त्याला आधी लेखी नोटीस गेली आहे.